सगळ्यांनी माझ्या मागे

शशीकाकांच्या मते वाळवंटात दोन प्रकारची माणसं हरवतात. ज्यांच्याजवळ पाणी नसतं ती, आणि ज्यांच्यापुढे शशीकाका नसतात ती. पहिल्या प्रकारासाठी ते शनिवारी सकाळी प्रत्येकाला गाडीची डिकी उघडायला लावून आतले पाण्याचे कॅन बघायचे. दुसऱ्या प्रकारासाठी ते स्वतः होते.

ॲरिझोनात फिनिक्सला चिकटून चँडलर नावाचं गाव आहे. तिथे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि कंपन्या आहेत म्हणून मराठी माणसं आहेत. ऑक्टोबर संपत आला, उन्हात उभं राहता येऊ लागलं, की ही माणसं सुट्टीच्या दिवशी डबे भरून वाळवंटात जेवायला जातात. सकाळी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये नऊ-दहा गाड्या जमायच्या. सगळ्यांत पुढे काकांची जुनी पांढरी मिनीव्हॅन. तिच्या अँटेनाला काकूंच्या जांभळ्या साडीची चिंधी बांधलेली, लांबून ओळखू यावी म्हणून. काका कानांवर येणारी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून गाड्यांमधून फिरत. शिट्टी वाजली की पुढचं भाषण सगळ्यांना पाठ होतं.

"लाइट लावा. ओव्हरटेक नाही. ती बाई बंद करा. आणि सगळ्यांनी माझ्या मागे!"

ती बाई म्हणजे फोनमधून रस्ता सांगणारी बाई. काकांचं तिच्याशी वैयक्तिक वैर होतं. "ती बाई कधी या वाळवंटात उतरली आहे का? तिच्या पायात कधी काटा गेलाय? मग ती मला काय सांगते, टर्न राइट?" लोक हसत, बाईला बंद केल्यासारखं करत आणि आवाज बारीक करून तिला चालूच ठेवत.

मी तेव्हा शेजारच्या टेंपीत युनिव्हर्सिटीमध्ये मास्टर्स करत होते. माझ्याकडे गाडी नव्हती आणि नाही म्हणायची सवयही नव्हती. आईच्या बँकेतल्या मैत्रिणीची बहीण म्हणजे मृदुलाकाकू, काकांच्या पत्नी. एवढ्या नात्यावर एका शुक्रवारी काकांचा फोन आला. "मी शशिकांत वैद्य. उद्या साडेसातला खाली उभी राहा. टोपी, पाणी, बूट. चप्पल घालून आलीस तर परत पाठवीन." आणि फोन बंद. मी कोण, मला यायचंय का, हे प्रश्न त्यांच्या प्रश्नपत्रिकेत नव्हते.

मिनीव्हॅनच्या मधल्या सीटवर माझी जागा ठरून गेली. माझ्या मांडीवर कुकर असायचा. डिकीत जागा असली तरी कुकर मांडीवरच, कारण डिकीत तो आडवा होतो असं काकांचं म्हणणं होतं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, हे त्यांना पहिल्याच सिग्नलला कळलं. त्यांनी आरशातून विचारलं, "सांग, आपण कुठल्या दिशेला चाललोय?"

मी म्हटलं, "साउथवेस्ट."

"मराठीत."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"बाहेर लिहिलेलं नाहीये. नैऋत्य! आणि ईशान्य कुठे?"

मी उगीच एका बाजूला बोट केलं. काका इतके हसले की गाडी लेनच्या बाहेर गेली. "काय कॉन्व्हेंट! अगं, तो आग्नेय. तिकडे जाशील तर मेक्सिकोत निघशील."

तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, नाशिकच्या एका बिल्डरने काढलेली होती, पण हे सांगायला मला दोन वर्षांत संधी मिळाली नाही. मनवा या नावाने मला फक्त काकू हाक मारत.

काका रस्ता कसा शोधत ते सांगायला हवं. तिथल्या वाळवंटात सग्वारो नावाचं निवडुंग असतं. दोन-दोन मजले उंच, सरळ खांबासारखं, आणि त्याला हात फुटतात. काकांनी रस्त्यालगतच्या सग्वारोंना नावं दिली होती. एकाचे दोन्ही हात कमरेवर, ती देशमुखीण. एक नुसताच काठीसारखा, वाकलेला, तो मास्तर. आणि जिथे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे कच्च्या रस्त्याला लागायचं, तिथे एक हात वर आणि एक हात उजवीकडे केलेला, तो हवालदार. "देशमुखीण गेली, मास्तर गेले, आता हवालदार. हवालदाराने हात दाखवला की वळायचं. कशाला लागते ती बाई?" दर वेळी हे वाक्य नवं सुचल्यासारखं म्हणत. त्यांच्या मागच्या गाड्यांमध्ये उपग्रहाला रस्ता विचारणारी इंजिनियर मंडळी असत आणि त्यांना तो आधीच कळलेला असे.

मला मात्र मधल्या सीटवरून आणखी एक गोष्ट दिसायची. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे काकू पुढे काकांच्या उजव्या हाताला बसत. त्यांच्या पर्समध्ये बडीशेपेची एक स्टीलची डबी होती. वळण आलं की काकू डबी उघडून काकांपुढे धरत आणि हळूच म्हणत, "हवालदार आला हं. घ्या." काका बडीशेप तोंडात टाकत आणि गाडी वळवत. मला आधी वाटलं, हा नवराबायकोतला काही लाडाचा प्रकार असेल. मग लक्षात आलं की बडीशेप फक्त वळणाआधी मिळते. सरळ रस्त्यावर काका मागत तेव्हा काकू म्हणत, "आत्ताच खाल्लीत की."

वाळवंटात पोचल्यावर काका सतरंज्या अंथरायची जागा ठरवत. सगळ्यांनी अंथरल्या की जागा बदलत. काकू पहाटे उठून केलेला मसालेभात तिथे शेगडीवर गरम करत, आणि काका डाव हातात घेऊन म्हणत, "या, आम्ही केलेला मसालेभात खा." आम्ही म्हणजे त्यांनी खाणं गार ठेवायचा कूलर गाडीत ठेवलेला असायचा. जेवण वाढायच्या आधी पाच मिनिटं वाळवंटावर माहिती. सग्वारोला पहिला हात फुटायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं, हे वाक्य त्यात असायचंच. भात निवायचा. लहान मुलं इंग्रजीत कुरकुर करायची. मंदारदादा, म्हणजे चिप कंपनीतला पुण्याचा एक मॅनेजर, माझ्या कानाशी म्हणायचा, "हात फुटेपर्यंत थांबायचं बहुतेक आपण."

मंदारदादा काकांच्या मागे त्यांची नक्कल फार छान करत असे. समोर त्यांना वाकून नमस्कार करत असे. आमच्या त्या मंडळींमध्ये हे दोन्ही एकाच माणसाने करणं चालून जायचं.

एकदा कुकर धुताना मी काकूंना विचारलं की काका ओव्हरटेकला एवढे का चिडतात. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं नोकरी केली ना यांनी. मागून आलेला प्रत्येक जण पुढे गेला. ज्यांना यांनी काम शिकवलं ते यांचे बॉस झाले. टीम म्हणून यांच्या मागे कधी कोणी दिलं नाही." मग कुकरची शिट्टी नळाखाली धरून म्हणाल्या, "आता दहा गाड्या असतात. असू देत."

माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या शनिवारी फराळाची सहल ठरली. काकांचे एक सांगलीचे वर्गमित्र मुलाकडे आले होते, तेही आले. पाहुण्यांना पुढची सीट. काकू मागे माझ्या शेजारी आल्या. पर्स पायाशी, अनारशांचा डबा मांडीवर.

देशमुखीण गेली. मास्तर गेले. काका पाहुण्यांना वाळवंट समजावून देत होते. काकूंनी मान पुढे काढून एकदा म्हटलं, "अहो, हवालदार..." काका म्हणाले, "हो हो, त्याची गंमत सांगतो," आणि गंमत सांगता सांगता हवालदाराच्या समोरून सरळ निघून गेले.

मी मागे वळून पाहिलं. जांभळ्या चिंधीच्या मागे नऊ गाड्या लाइट लावून शिस्तीत सरळ येत होत्या.

त्यातल्या प्रत्येक गाडीत ती बाई बारीक आवाजात परत फिरा, परत फिरा असं ओरडत असणार. सहलीच्या ग्रुपवर मेसेज येऊ लागले. काका गाडी चालवताना फोन बघत नसत, म्हणून सगळे मोकळेपणाने लिहीत होते.

"आज दुसरीकडे चाललोय का?"

"काकांना माहीत असेल यार."

"कोणीतरी कॉल करा."

"मंदार, तू कर, तू जवळचा आहेस."

"तुम्ही सीनियर आहात, तुम्ही करा."

"सरप्राइज असेल."

"पेट्रोल किती आहे सगळ्यांकडे?"

ज्यांच्या पगारातला मोठा भाग चुका शोधण्यासाठी मिळतो अशी ती सगळी माणसं होती. ती अर्धा-पाऊण तास चुकीच्या रस्त्याने गेली, कारण मोठ्या माणसाला तुम्ही चुकलात असं म्हणणारा पहिला माणूस कोणालाच व्हायचं नव्हतं. मीही बोलले नाही. माझं तर मराठीच कच्चं.

रस्ता संपला तिथे एक फाटक होतं. आत निवृत्त अमेरिकन लोकांच्या बसएवढ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. थंडीच्या प्रदेशातून ही मंडळी हिवाळ्यात गाडीतच संसार घेऊन येतात आणि उन्हात खुर्च्या टाकून बसतात. काका उतरले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली.

"मुद्दाम आणलं! दरवर्षी आपणच आपला फराळ खातो. दिवाळी म्हणजे काय, जगाला कळायला नको?"

पुढचा तासभर आम्ही डांबरी पार्किंगमध्ये उभं राहून चकल्या वाटल्या. हाफ पँट घातलेले एक आजोबा चकली चष्म्याजवळ धरून तिचं टोक शोधत होते. काकांनी त्यांना सग्वारोच्या हातांची माहिती दिली. ते म्हणाले, आम्ही इथे बारा हिवाळे येतोय. काका म्हणाले, "तरी ऐका."

परतताना गाडीत काका म्हणाले, "हवालदार पडला असणार. उन्हाळ्यात वादळात पडतात ते. नाहीतर मी चुकलो नसतो." पाहुण्यांनी मान डोलावली. काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पडला असेल." आम्ही त्याच रस्त्याने परत आलो. हवालदार एक हात वर करून ठणठणीत उभा होता. काकूंनी पाहिला. मी पाहिला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात काकांनी शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यावर गाडी घातली. डबा रस्त्यात ठेवायची ही कुठली पद्धत, असं ते डब्याला आणि शेजाऱ्याला दोघांनाही बोलले. तो डबा फुटपाथला लागून, त्यांच्या गाडीच्या उजव्या बाजूला उभा होता.

आणि मंडळींनी दुसरा ग्रुप काढला. त्याचं नाव 'खरा प्लॅन'. हे मला मंदारदादाच्या बायकोने, पल्लवीने, सांगितलं. "तुला ॲड नाही केलं हं, सॉरी. तू त्यांच्याच गाडीत असतेस, फोन वाजला तर?" त्या ग्रुपमध्ये काकांच्या गाडीतले सोडून सगळे होते. खरी जागा त्यावर येणार होती. काका पुढे असतील तर असू देत, पण ते चुकले तर आपण आपलं वळायचं. "कोणाला दुखवायला नको ना," पल्लवी म्हणाली. "त्यांना कळणारसुद्धा नाही."

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आभार मानायच्या अमेरिकन सणाला, काकांची मुलगी केतकी आली. ती तिकडेच जन्मलेली, सिॲटलला वकील. तिला मराठी सगळं कळतं, ती उत्तर इंग्रजीत देते आणि फार राग आला की मराठीत. काकांनी थँक्सगिव्हिंगचंही वाळवंट केलं होतं. टर्कीऐवजी मसालेभात, आणि जेवणाआधी आभाराचा कार्यक्रम. प्रत्येकाने उभं राहून कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं. सगळे काकांचे आभार मानत, कारण भात त्यांच्या पलीकडे होता. आदल्या वर्षी केतकी उठून म्हणाली होती, "आय ॲम थँकफुल फॉर जीपीएस." ते काकांना आवडलं नव्हतं. ते त्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या सकाळी मी त्यांच्या घरी कूलर भरायला गेले होते. काका केतकीला चहा ओतून देत होते. किटली नेमकी धरलेली, हात स्थिर, आणि चहा कपाच्या शेजारी, टेबलावर.  केतकीने कप सरकवून धारेखाली धरला. मग आईकडे पाहिलं.

काका कूलर घेऊन बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "हाउ लाँग, आई?"

काकू टेबल पुसत म्हणाल्या, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, बाजूचं जात चाललंय. डॉक्टरांनी गाडी बंद करा सांगितलं, तर घरी येऊन म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय."

"अँड यू लेट हिम ड्राइव्ह? विथ पीपल्स किड्स बिहाइंड हिम?"

"मी बाजूला असते ना."

"आई!"

"ती गाडी काढून घेतली तर मग त्यांच्याकडे काय आहे, सांग." काकूंचा आवाज चढला. एवढाच एकदा मी तो चढलेला ऐकला. "घरात बसून माझ्या भाजीत मीठ किती ते बघतील?"

"ही कुड किल समबडी," केतकी म्हणाली. काकू पुन्हा पुसलेलं टेबल पुसत राहिल्या. मी कोथिंबीर निवडत होते, ती निवडून झाली होती, तरी निवडत राहिले.

पार्किंग लॉटमध्ये शिट्टी वाजली. लाइट, ओव्हरटेक, ती बाई. "सगळ्यांनी माझ्या मागे!" सगळे हो काका म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. केतकी भाड्याची लाल गाडी घेऊन रांगेत शेवटी लागली. तिला कोणी 'खरा प्लॅन'मध्ये घेतलं नव्हतं. काकू पुढे बसल्या. बडीशेपेची डबी पर्समधून काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

देशमुखीण गेली. मास्तर गेले. मला लांबून हवालदाराचा वर केलेला हात दिसला. मी काकूंच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी डबीवर दोन्ही तळवे ठेवले होते. झाकण बंद.

"बडीशेप दे गं," काका म्हणाले.

"देते."

त्यांनी दिली नाही. हवालदार खिडकीबाहेरून मागे गेला. काका तोंडाने काहीतरी गुणगुणत सरळ चालले. मी मागे पाहिलं. पहिली मंदारदादाची गाडी उजवीकडे वळली. तिच्या मागची वळली. मग एकेक करून सगळ्या वळल्या, सिग्नल देऊन, अंतर राखून, काकांनी शिकवलेल्या शिस्तीत. कच्च्या रस्त्यावर धूळ उठली. आमच्या मागचा रस्ता रिकामा होत गेला. शेवटी त्यावर एकच लाल गाडी राहिली.

काकांनी थोड्या वेळाने विचारलं, "मागे आहेत ना सगळे?"

दर सहलीला ते हे विचारत आणि दर सहलीला काकू आहेत म्हणत. आरशात न बघताच म्हणत.

"नाहीत," काकू म्हणाल्या. "केतकी आहे फक्त."

काकांनी आरशात पाहिलं. तेवढ्यात लाल गाडीने मागून लाइट मारले, मग बाजूने पुढे आली आणि आमच्या समोर थांबली. शशीकाकांना त्या रस्त्यावर पहिल्यांदाच कोणी ओव्हरटेक केलं होतं.

केतकी उतरून त्यांच्या खिडकीशी आली. "बाबा, यू मिस्ड द टर्न."

"हवालदार पडलाय. त्याला मी काय करू?"

"तो उभा आहे." हे ती मराठीत म्हणाली. "मागे बघा. उभा आहे तो."

"ऊन डोळ्यांवर येतंय."

"बाबा, ऊन पाठीमागे आहे."

काकांनी शिट्टी हातात धरली होती. ती त्यांनी वाजवली नाही. समोर लांबच्या लांब सरळ रस्ता होता, आणि तो त्यांना स्वच्छ दिसत होता, हीच सगळी अडचण होती.

"बाकीचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"जिथे जायचं होतं तिथे."

"मग तू का नाही वळलीस? तुझ्याकडे आहे की ती बाई."

केतकी म्हणाली, "यू सेड फॉलो मी."

 माझ्या मांडीवरचा कुकर गरम होता आणि तो हलवायची ती वेळ नव्हती. मग काकांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली, केतकीने पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, आणि किल्ली काकूंच्या मांडीवर, डबीच्या शेजारी ठेवली.

"हिला चालवू दे," ते म्हणाले. "मी दिशा सांगतो."

आम्ही सगळ्यांच्या नंतर पोचलो. काकू ड्रायव्हरच्या दारातून उतरल्या. मंडळींनी सतरंज्या अंथरल्या होत्या आणि चेहऱ्यांवर काळजी अंथरली होती. "काका, कुठे होतात? आम्ही किती वाट पाहिली!" काकांनी सतरंज्यांची जागा बदलायला सांगितली नाही. भात गरम झाला. वाळवंटाची माहिती झाली नाही, त्यामुळे मुलांना पहिल्यांदाच गरम भात मिळाला. आभाराचा कार्यक्रम मात्र काकांनी सोडला नाही. मंदारदादा पहिला उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्या लीडरशिपबद्दल मी मनापासून..."

"मंदार," काका म्हणाले, "तुझ्या गाडीला हॉर्न आहे ना रे?"

"आहे काका."

"चालतो?"

मंदारदादा उभा होता तसाच उभा राहिला. पल्लवी ताटातल्या कोशिंबिरीत काहीतरी शोधू लागली. दहा गाड्यांचे हॉर्न त्या वाळवंटात अगदी गप्प होते.

"जेवा," काका म्हणाले. "भात निवतोय."

'खरा प्लॅन' हा ग्रुप त्या संध्याकाळी बंद झाला, असं पल्लवीने सांगितलं. दुसऱ्या कुठल्या नावाने तो सुरू झाला का, ते मला माहीत नाही. मला त्यातही घेतलं नसतं.

डिसेंबरात माझी डिग्री संपली आणि ॲन आर्बरला एका लॅबमध्ये काम मिळालं. मी निघायच्या दिवशी मंडळी नाताळच्या सुट्टीतल्या सहलीला निघाली होती. एअरपोर्टला जाण्याआधी मी पार्किंग लॉटमध्ये निरोप घ्यायला गेले. काका टोपी-शिट्टीसकट गाड्यांमधून फिरत होते. डिक्या उघडत होत्या, कॅन मोजले जात होते. फक्त ते आता गाड्यांच्या कडेला हात लावून चालत होते, जणू कोणी धुतली आहे का ते तपासत असावेत.

माझी बॅग बघून ते थांबले. "काय कॉन्व्हेंट, कुठल्या दिशेला?"

"ईशान्येला, काका."

त्यांनी माझं बोट कुठे आहे ते वाकून पाहिलं. बोट बरोबर होतं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण लगेच दुसरी चूक काढली. "पाणी किती घेतलंस?"

"काका, तिकडे बर्फ आहे."

"बर्फ पिता येतो का?" असं म्हणून त्यांनी कुणाच्या तरी डिकीतली एक बाटली काढून माझ्या हातात दिली. ती मला एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या आधी टाकून द्यावी लागणार होती. मी तसं म्हटलं नाही. आमच्या त्या मंडळींमध्ये दोन वर्षं काढून मी एवढं शिकले होते.

मग शिट्टी वाजली. "लाइट लावा. ओव्हरटेक नाही." ती बाई बंद करा, हे वाक्य त्यांनी गाळलं. चालत जाऊन त्यांनी मिनीव्हॅनचं डावीकडचं, ड्रायव्हरचं दार उघडलं, सवयीने. आणि तिथेच थांबले. काकू किल्ली घेऊन मागेच उभ्या होत्या. काका क्षणभर दार धरून राहिले. मग जरा बाजूला झाले. काकू आत बसल्या आणि काकांनी दार लावून घेतलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की हे गृहस्थ बायकोसाठी आयुष्यभर असंच दार उघडत आले असतील. काकूंचा चेहरा मला दिसला. त्यांनाही ते नवीन होतं.

ते हात गाडीवरून फिरवत पलीकडे गेले, बसले, आणि उजव्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. "सगळ्यांनी माझ्या मागे! नैऋत्य!"

हायवे डावीकडे होता. काकूंनी गाडी डावीकडे काढली, आणि काकू एवढ्या वेगाने गाडी चालवतात हे कोणालाच माहीत नसल्यामुळे मंदारदादाची धांदल उडाली. हात एकीकडे, गाडी दुसरीकडे. जांभळी चिंधी फडफडत पुढे गेली, आणि तिच्या मागे सगळ्या गाड्या, लाइट लावून, एकामागून एक वळल्या. मी मोजलं नाही, पण शेवटी कोणी मागे राहिलं आहे का ते मात्र पाहिलं. कोणी नव्हतं.